उभी गाडी

जुन्या गाड्या शोधत हिंडणाऱ्या माणसाला गावात कुणीतरी विचारतंच, काय बघताय म्हणून. त्यानं ‘बुलेट’ म्हटलं तर समोरचा चार पत्ते सांगतो. लॅम्ब्रेटा, फियाट, कुणा इनामदारांची ऑस्टिन, हेही त्याला समजतं. पण ‘जुनी पिकअप बघतोय’ म्हटलं की तो जरा थांबतो आणि भंगारवाल्याचा रस्ता दाखवतो. त्याचं काही चुकत नाही. पैसे कमवायला घेतलेली गाडी कमवायची थांबली की किलोवर जाते, हा आपल्याकडचा रिवाज आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारी वाचल्या, कारण त्यांना ठेवायला जागा होती आणि त्यांच्याकडून कुणी कामाची अपेक्षा धरली नव्हती. मालवाहू गाडीच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या नाहीत.

तरीही काही वाचल्या. त्या कशा वाचल्या आणि हाती लागल्यावर त्यांचं काय करावं, हा या पुस्तकाचा विषय. पुढची प्रकरणं मिस्त्रींच्या बोलण्यातून, मालकांच्या आठवणींतून आणि गाडीखाली आडवं पडून जमवलेल्या माहितीतून तयार झाली आहेत. प्रस्तावनेत मी थोडं मागचं सांगतो आणि एका बाबतीत वादही घालतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक गाडी डोळ्यासमोर ठेवू : महिंद्राची एफसी. म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, इंजिनाच्या डोक्यावर ड्रायव्हर बसवलेली जीप. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरनं ती विलिस कंपनीसाठी आखली. १९५६च्या अखेरीस ती अमेरिकेत विक्रीला आली. जीपचं ८१ इंची चाकांतर तेवढंच ठेवून बोनेट उडवलं आणि वाचलेली जागा हौद्याला दिली, एवढीच त्यातली युक्ती. पुढून पाहिलं तर चपट्या नाकाची, मोठ्या काचेची, जरा आश्चर्यचकित झाल्यासारखी दिसते. अमेरिकेत ती फारशी चालली नाही, १९६५च्या सुमारास तिथलं उत्पादन संपलं. नेमक्या त्याच सुमारास, १९६५ साली, महिंद्रानं तिची एफसी-१५० आपल्याकडे आणली. माझगावात विलिस जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर लगेचच सुरू झालेली होती, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग हे सगळं मिस्त्रींच्या ओळखीचं होतं. एफसी खराब झाली तर जीपचं सामान चालायचं. खेड्यात गाडी टिकण्याचं हे पहिलं कारण.

नगर जिल्ह्याला त्या काळात अशा गाडीची गरज का पडली, हे जिल्ह्याचा नकाशा बघितला की कळतं. (कागदोपत्री २०२४पासून अहिल्यानगर. मी सवयीनं नगर म्हणतोय, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) उत्तरेला प्रवरेचे कालवे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि अकोल्यापासून श्रीरामपुरापर्यंतच्या जमिनीचा रंगच बदलला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगर, कोपरगावकडे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी, हे खासगी कारखाने आधीचे. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ सहकारी कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०च्या अखेरीस सुरू झाला. ऊस बैलगाडीनं आणि पुढे ट्रकनं कारखान्यावर गेला, तो काही पिकअपचा धंदा नव्हता. पण उसाच्या मागून येणारं बाकी सगळं पिकअपचं होतं : खताच्या गोण्या, पंपाची मोटार रिवाइंडिंगला नेणं, बेण्याच्या मोळ्या, डिझेलचं बॅरल, लग्नातली मंडळी, दवाखान्यात न्यायची बाई. दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेडला पाणी नाही. तिथं ज्वारी, जनावरं आणि माणसं वाहून न्यायची होती, तीही रस्ता नसलेल्या वाटेनं. चारी चाकांना ताकद देणारी गाडी ओढ्यातून निघायची.

अशा गाड्या जिल्ह्यात येण्याचा दुसरा मार्ग लष्कराचा. नगर हे छावणीचं गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं, पुढे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथंच आलं. महायुद्धानंतर सरकारनं उरलेली लष्करी वाहनं विकून टाकली तेव्हापासून ‘डिस्पोजलचा माल’ हा धंदा आहे. जबलपुरात बनलेली निसानची वन-टन आणि तिच्या पाठोपाठ जोंगा अशाच लिलावांतून शेतावर पोचल्या. गाड्यांइतकीच महत्त्वाची होती ती लष्करातून परतलेली माणसं. १९६०च्या दशकात या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते फौजेत. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हरच होते, आणि १९६५च्या युद्धात खेमकरण भागात हल्ला झाला तेव्हा ते गाडीवर होते. ही माणसं सुट्टीला किंवा कायमची गावी आली ती ऑइल पाहण्याची, ग्रीसिंगची, हवा तपासण्याची शिस्त घेऊन. ज्या वाडीवर जुनी गाडी धडकी सापडते, तिथं चौकशी केली की घरात एखादा फौजी निघतो, असं मला अनेकदा दिसलं आहे.

तिसरी गोष्ट टेम्पोची. नगरच्या कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव नवलमल यांनी १९५८ साली बजाज टेम्पो सुरू केली. जर्मन परवान्यावरची ती तीनचाकी हॅन्सीट पुढच्या एकाच चाकानं ओढायची, भरलेला हौदा घेऊन वळणावर डुगडुगायची आणि तरी रोज कामावर हजर असायची. पुढे मॅटाडोर आली. शहरातला आणि बाजार समितीतला माल या गाड्यांनी उचलला. एफसीसारख्या जीप ट्रकना शेत आणि वाट तेवढी उरली. संख्येनं त्या कधीच फार नव्हत्या.

आता मुद्द्यावर येतो. जुनी गाडी चांगली राहिली म्हणजे मालकानं तिची फार काळजी घेतली, असा सर्वसाधारण समज आहे. नगर जिल्ह्यात मला बहुधा उलटंच आढळलं. ज्या गाड्यांची काळजी घेतली गेली त्या बदलून गेल्या. ज्यांच्याबाबतीत घरात निर्णय झाला नाही, त्या जशाच्या तशा राहिल्या.

याचं कारण पेट्रोल. एफसीत विलिसचं हरिकेन इंजिन होतं, २.२ लिटरचं, सत्तरेक अश्वशक्तीचं, प्यायला दणकट. बहात्तरच्या दुष्काळानं नगर जिल्ह्याचं कंबरडं मोडलं, आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. कच्चं तेल काही महिन्यांत चौपट झालं. पेट्रोलवरची मालगाडी रातोरात तोट्यात गेली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी इंजिन बदललं. कुणी पर्किन्स बसवलं, काही वर्षांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायची लाटच आली. ते बसवताना चॅसीचे ब्रॅकेट कापले, रेडिएटर पुढे सरकवला, गिअरबॉक्सला जोडपट्टी मारली, केबिनमध्ये इंजिनावर असलेलं पत्र्याचं घमेलं फाडून मोठं केलं. गाड्या आणखी वीस वर्षं चालल्या आणि झिजून संपल्या. त्यांनी आपलं काम चोख केलं, त्यांच्याविषयी वाईट बोलायचं कारण नाही. पण त्यांच्यात आज जपण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

उरल्या त्या दुसऱ्या. इंजिन बदलायला पैसे नव्हते, विकायला मन नव्हतं, आणि भावाभावांत वाटणी व्हायची होती. गाडी कुणाच्या नावावर लागायची यावर तंटा, तोवर ती गोठ्याशेजारच्या पडवीत सारून ठेवली. वर पत्रा होता. पुढे ट्रॅक्टर आला, १९८६ नंतर टाटाची ४०७ आली, पिकअपची अडचण कुणाला भासेना. पडवीत कडबा रचला गेला आणि गाडी त्याच्या मागे गेली. आज आपण जिला ‘उत्तम जतन झालेली’ म्हणतो, ती बहुतेकदा एका न मिटलेल्या तंट्याची शिल्लक असते.

हवेनंही हात दिला. जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतो, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. कोकणात गाडी पाच पावसाळ्यांत जेवढी गंजते तेवढी ती श्रीगोंद्याला वीस वर्षांत गंजत नाही. अर्थात हाच जिल्हा पश्चिमेला घाटघर-रतनवाडीपर्यंत जातो आणि तिथं काही हजार मिलिमीटर कोसळतो, त्यामुळे ‘नगरची गाडी’ एवढं ऐकून भाळू नये, तालुका विचारावा. शिवाय कोरड्या तालुक्यातही गंजाला स्वतःच्या वाटा असतात. काळी माती चॅसीच्या खोबणीत ठासून बसते आणि पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने ओल धरून राहते. खतानं हौद्याचा तळ आतून खाल्लेला असतो. वरून रंग ठीक दिसतो, पण हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथं गोण्या टेकतात, तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं की ते आरपार जातं. गाडी बघायला जाताना टॉर्च, जुनी चादर आणि स्क्रू ड्रायव्हर एवढं घेऊन जावं. मालकासमोर पत्र्याला भोकं पाडू नयेत, हे सांगायला नको.

पाहण्याचा क्रम पुस्तकात सविस्तर दिला आहे, इथं एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात सगळ्यांत जास्त लोक फसतात. कुलूप उघडलं, कडबा बाजूला झाला, गाडी दिसली, की बरोबरच्या उत्साही मंडळींपैकी कुणीतरी बॅटरी आणायला धावतो. ती बॅटरी लावू देऊ नये. चाळीस वर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारणं म्हणजे पिस्टनच्या रिंगा मोडायचं आवतण. सिलेंडरमध्ये रिंगा जिथं थांबल्या तिथं गंजाची बारीक कडी तयार झालेली असते. हरिकेन इंजिनाची आणखी एक खोड आहे : त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, पण एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणाआड. सायलेन्सर उघडा राहिला असेल तर ओली हवा थेट त्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट उघडा असताना इंजिन थांबलं, त्याचा व्हॉल्व्ह तसाच चिकटून बसतो.

जाणता मिस्त्री जाम इंजिन मोकळं करायचं काम बिनबोभाट करतो. एफसीत इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये, पत्र्याच्या एका घमेल्याखाली असतं. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये बसलेल्यांनाच ते काय प्रकरण आहे हे ठाऊक. ते घमेलं उचललं की आधी उंदराचं घरटं निघतं : कडब्याच्या काड्या, कापूस, आणि वायरिंगवरचं कुरतडलेलं कापडी वेष्टन. ते जपून काढायचं, कारण त्यातच कॉइलच्या वायरचा रंग ओळखू येणारा तुकडा सापडतो. मग चारी प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि पातळ ऑइल यांचं मिश्रण थोडं थोडं सोडायचं आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी यायचं, पातळी बघायची. एका सिलेंडरमधलं तेल खाली उतरलेलं असतं, दुसऱ्यातलं तसंच असतं. उतरलं तिथं वाट मोकळी होतेय. बाजूचं झाकण काढून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रॉकेल सोडायचं. आठवडाभरानं क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून अगदी अल्लद दाबायचं, पुढे, मग मागे, पुन्हा पुढे. कागदाच्या जाडीएवढं हललं तरी त्या दिवशी तिथंच थांबायचं. ज्या मिस्त्रीला इथं घाई सुटते त्याच्याकडे गाडी देऊ नये, मग त्याचं गॅरेज केवढंही मोठं असो.

इंजिन फिरलं तरी लगेच पेटवायचं नसतं. चेंबर उतरवलं की तळाला डांबरासारखा काळा लगदा असतो. तो खरवडून काढल्याशिवाय ऑइल पंपाची जाळी श्वास घेत नाही. प्लग न लावता इंजिन फिरवत राहायचं, डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या घड्याळाचा काटा जागचा हलेपर्यंत. पाण्याच्या वाटांत बोअरच्या पाण्याचा क्षार थर धरून बसलेला असतो, तो हळूहळू धुवायचा. ब्लॉकवरच्या पत्र्याच्या गोल टोप्या आतून चाळणी झालेल्या असतात. त्या स्वस्त आहेत, सगळ्या बदलाव्यात. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोल नसतंच, वार्निशाच्या वासाचा तपकिरी डिंक असतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली असतात, ती विसरली की सगळं व्यवस्थित करूनही गाडी सुरू होत नाही आणि अख्खं गॅरेज पॉइंट आणि कंडेन्सरला शिव्या घालत बसतं.

पेट्रोलचं नवं दुखणं सांगायलाच हवं, कारण ते नगरकरांच्या घरचंच आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून या जिल्ह्यातले कारखाने इथेनॉल करतात. सरकारनं पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळायचं धोरण आखलं आणि २०२५ साली पंपावर तेच पेट्रोल सर्रास मिळू लागलं. कारखान्याला पैसे मिळाले, उसाचं देणं भागलं, उत्तम झालं. पण १९६५च्या गाडीतले रबरी पाइप, पेट्रोलच्या एसी पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. रबर आधी फुगतं, मग लोण्यासारखं मऊ होतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा साका धरतो. ज्या उसाला पाणी द्यायला हिनं पंप वाहिले, त्याच उसाचा अर्क आता हिच्या नळ्या खातोय. उपाय अवघड नाही : इथेनॉल चालणारे नवे पाइप, नवा पडदा, आणि गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवणं. इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे बाकी तक्रार नसते. पंपाचा मूळ सांगाडा मात्र फेकू नये, आतलं सामान बदलून तोच वापरावा.

आता वादाची गोष्ट. गाडी चालू झाली की मालकाला रंगाची घाई होते. डेंटर येतो, पुट्टी येते, महिन्याभरात गाडी काल शोरूममधून निघाल्यासारखी दिसायला लागते, आणि फोटो काढायला लोक जमतात. मला हे पटत नाही. ज्या गाडीचा रंग मुळातच उडाला असेल, गंजानं पत्रा गेला असेल, तिला रंग द्यावाच लागतो, तिथं माझं काही म्हणणं नाही. पण पडवीत राहून जिचा मूळ रंग, फिका का होईना, शाबूत आहे, तिला घासून पुन्हा रंगवणं म्हणजे आहे तो पुरावा पुसून टाकणं.

कसला पुरावा? दरवाजा बघा. मालकाचं नाव, गावाचं नाव, मु. पो., तालुका, एखाद्या पेंटरच्या हातची गोलाई असलेली अक्षरं. त्याखाली रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनाचे आकडे. आणि कधी कधी कपाळावर ‘प्रायव्हेट कॅरिअर’. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात स्वतःचा माल वाहणारा आणि भाड्यानं दुसऱ्याचा माल वाहणारा असे दोन परवाने होते, प्रायव्हेट आणि पब्लिक कॅरिअर. १९८८चा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला आणि हा भेद गेला. म्हणजे ते दोन शब्द ज्या गाडीवर आहेत, तिचा मालक स्वतःच्याच शेताचा किंवा दुकानाचा माल वाहायचा आणि हा रंग १९८९च्या आधीचा आहे, हे आपल्याला कुठलाही कागद न बघता कळतं. नव्या रंगाखाली ते गेलं की गेलं. हौद्याच्या फळ्यांचंही तेच. बऱ्याच गाड्यांचा हौदा कारखान्यातून आलेलाच नाही, गावातल्या सुतारानं आणि लोहारानं तो बांधला. फाळक्याच्या कड्या, साखळीचा आकडा, ताडपत्री बांधायचे हूक, यांच्यावर त्या माणसांची कारागिरी आहे, आणि या माणसांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत. चकचकीत स्टेनलेसच्या कड्या बसवणाऱ्यांना हे कसं सांगावं कळत नाही.

मी स्वच्छता नको म्हणत नाही. माती धुवावी, गंज थांबवावा, उघड्या पत्र्याला तेल किंवा पारदर्शक लेप द्यावा, चॅसी खालून नीट रंगवावी कारण ती ताकदीची बाब आहे. डोळ्यांना दिसणारा जुना रंग मात्र शक्य तेवढा राहू द्यावा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं समोर येतो. १९९४ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेल्या चिलखती गाडीपासून पॅटन रणगाड्यांपर्यंत मोठा ठेवा आहे. तिथं वाहनं चबुतऱ्यावर उभी राहणार, ऊन-पाऊस खाणार, तेव्हा रंग द्यावाच लागतो, आणि ते युद्धाचं स्मारकही आहे. शेतातल्या पिकअपला ते बंधन नाही. ती कुणाचं स्मारक म्हणून उभी नाही. तिनं पुन्हा दोन गोण्या टाकून बांधावर जावं हीच तिची दुरुस्ती.

आणि इथंच कायदा आडवा येतो. केंद्र सरकारनं २०२१च्या जुलैत व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५ हजार. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. नियम राजघराण्यांच्या मोटारी आणि शहरी हौशी मंडळी नजरेसमोर ठेवून केलेला आहे हे उघड आहे. बिगर-व्यापारी, खासगी गाडी ही त्याची कल्पना. मालवाहू म्हणून नोंदलेली, मुळातच धंद्यासाठी जन्मलेली गाडी या चौकटीत कुठे बसवायची? ती मालवाहू ठेवली तर दर वर्षी पासिंग, पर्यावरण कर आणि आजच्या गाडीचे निकष. शेताच्या हद्दीत ठेवली तर कसलाच प्रश्न नाही, पण मग नगर-मनमाड रस्ता ओलांडायलाही दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी लागते. या विषयावर पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे. त्यात शहाणपणाचा एकच सल्ला आहे : गाडी ताब्यात घेण्याआधी आरसी बुक, वारसांच्या सह्या आणि चॅसीवर ठोकलेला नंबर हे तिन्ही जुळतात का ते बघा. न मिटलेल्या तंट्यानं गाडी वाचवली हे खरं, पण तो तंटा गाडीबरोबर तुमच्या दारात येऊ शकतो. तीन भावांपैकी दोघांच्या सह्या असल्या तर तिसऱ्याकडे आधी चहाला जावं.

सामान कुठे मिळतं, कोणत्या नव्या गाडीचा कुठला पार्ट बसतो, लेथवर काय करून घेता येतं, हे सगळं पुढे आहे. एका जुगाडाबद्दल मात्र आत्ताच बजावतो. जीपच्या १६ इंची रिमवर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर बसतो. तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, स्वस्त असतो, आणि रुबाबदारही दिसतो. त्याच्यावर सरळ रेघा असतात, ओल्या डांबरावर तो धरत नाही, आणि रस्त्याच्या वेगासाठी तो बनलेलाच नाही. शेतात फिरवा, हमरस्त्यावर नको.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल एक खुलासा. अशा पुस्तकात पहिलं प्रकरण इंजिनाचं असायला हवं, असं वाचकांना वाटेल. आम्ही तिथं ब्रेक ठेवले आहेत. उभ्या गाडीत मास्टर सिलेंडर आणि चारी व्हील सिलेंडर हमखास जाम झालेले असतात, ब्रेक ऑइलनं पाणी ओढून आतून खड्डे पाडलेले असतात, आणि हँडब्रेकची केबल जिथं हौद्याखालून जाते तिथं ती सडलेली असते. इंजिन पेटण्याच्या आनंदात कुणाच्या हे लक्षात राहत नाही. गाडी पडवीतून बाहेर येते, अंगणाचा उतार लागतो, समोर गोठ्याची भिंत असते आणि सगळं गाव बघायला जमलेलं असतं. तेव्हा पान उलटा, चाकाखाली दगड लावा, आणि मागच्या डाव्या ड्रमपासून सुरुवात करा. लोंबणाऱ्या वायरी आणि प्लग तोपर्यंत थांबतील.